गृहीतकांची चिकित्सा : भूमिती, स्त्री-आरोग्य आणि मैदानी खेळ यांतील महाराष्ट्रीय अभ्यासपरंपरा (१८९१ ते १९५३)

सारांश

शुद्ध भूमिती, स्त्रियांचे आरोग्य आणि युवकांचे खेळ हे तीन विषय वरवर पाहता परस्परांपासून दूर आहेत. तथापि, १८९१ ते १९५३ या कालखंडात महाराष्ट्रातील काही गणिताध्यापकांनी व शिक्षकांनी या विषयांमध्ये जे कार्य केले, त्याचा एकत्र विचार केल्यास त्यांच्यामागे एक समान बौद्धिक सवय दिसते. ती म्हणजे रूढ मानल्या गेलेल्या गृहीतकांची उघड चिकित्सा करण्याची सवय. प्रस्तुत निबंधात धोंडो केशव कर्वे, बाळ गंगाधर टिळक, रघुनाथ धोंडो कर्वे, शकुंतला परांजपे, स्वामी कुवलयानंद व दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या कार्याच्या आधारे या सवयीचे स्वरूप, तिची मर्यादा व तिची किंमत तपासली आहे.

बीजसंज्ञा : भूमिती, गृहीतक, स्त्री-आरोग्य, संततिनियमन, खो-खो, कबड्डी, बहुविद्याशाखीय संशोधन.

१. प्रस्तावना

महाविद्यालयीन संशोधनपत्रिकेचा एखादा अंक उघडला, की भूमितीतील एखाद्या प्रमेयाशेजारी ग्रामीण स्त्रियांच्या आरोग्याचे सर्वेक्षण आणि त्यापुढे शालेय खो-खोपटूंच्या शारीरिक क्षमतेचा अभ्यास असे निबंध एकाच बांधणीत आढळतात. गणिताचा प्राध्यापक आपला निबंध वाचतो, शारीरिक शिक्षण संचालक आपला वाचतात आणि गृहविज्ञानाच्या प्राध्यापिका आपला. शेजारच्या पानावर काय आहे, याची चौकशी सहसा कोणी करत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे ‘बहुविद्याशाखीय’ हा शब्द प्रत्येक महाविद्यालयाच्या कागदपत्रांत आला आहे. त्यामुळे एक साधा प्रश्न पुन्हा विचारणे आवश्यक ठरते. हे विषय केवळ एका मुखपृष्ठाखाली एकत्र येतात, की त्यांच्यात काही अंतर्गत नाते असू शकते?

या प्रश्नाचे उत्तर धोरणाच्या मसुद्यात शोधण्यापेक्षा इतिहासात शोधणे अधिक फलदायी ठरते. महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गणित शिकविणारी काही माणसे स्त्रियांच्या शरीराविषयी बोलू लागली आणि महाविद्यालयात अध्यापन केलेला एक शिक्षक श्वासाचा दाब मोजू लागला. याच काळात खेळाची आवड असणाऱ्या मंडळींनी मुलांच्या खेळांना लिखित नियम दिले. या हालचाली समकालीन होत्या आणि बऱ्याच अंशी पुणे, मुंबई व बडोदे या तीन शहरांच्या शैक्षणिक वातावरणात घडल्या.

२. उद्दिष्टे, अभ्यासपद्धती व मर्यादा

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत. (१) भूमितीय विचारपद्धती आणि सामाजिक आरोग्याचा विचार यांचा संबंध ऐतिहासिक उदाहरणांतून तपासणे. (२) देशी खेळांच्या नियमबद्धतेचे बौद्धिक महत्त्व स्पष्ट करणे. (३) या परंपरेतून आजच्या महाविद्यालयीन संशोधनास काय घेता येईल, याचा विचार करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. १८९१ हे वर्ष आरंभबिंदू म्हणून घेण्याचे कारण पुढे स्पष्ट होईल. १९५३ हे रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या निधनाचे वर्ष होय. या परंपरेचा परिणाम दाखविण्यापुरते नंतरच्या काही घटनांचे उल्लेख केले आहेत. निबंध सर्व व्यक्तींचे चरित्र सांगत नाही. उद्दिष्टांशी संबंधित तेवढीच माहिती घेतली आहे.

३. शुद्ध भूमितीची शिकवण

भूमिती म्हणजे जमिनीची मोजणी, असा शब्दाचा अर्थ असला तरी शुद्ध भूमितीत मोजपट्टीला स्थान नसते. आरंभी काही संज्ञांच्या व्याख्या द्यावयाच्या, काही विधाने सिद्धतेवाचून स्वीकारावयाची आणि त्यानंतर प्रत्येक विधान आधीच्या विधानांवरूनच सिद्ध करावयाचे, अशी तिची शिस्त आहे. सिद्धतेवाचून स्वीकारलेली विधाने म्हणजे गृहीतके.

युक्लिडची ही शिस्त भारतीय पंडितांना इंग्रजी राजवटीच्या आधीच परिचित झाली होती. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंगाच्या आश्रयास असलेल्या जगन्नाथ सम्राटांनी नसीरुद्दीन तूसीच्या अरबी संस्करणावरून युक्लिडच्या ग्रंथाचे ‘रेखागणित’ या नावाने पंधरा अध्यायांत संस्कृत रूपांतर केले. हा ग्रंथ १९०१-०२ मध्ये मुंबई संस्कृत ग्रंथमालेत छापून प्रसिद्ध झाला. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गणिताची पाठ्यपुस्तके मराठीत येऊ लागली होती. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठाची स्थापना झाल्यानंतर युक्लिडची भूमिती ही इंग्रजी शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्यास येणारी नित्याची गोष्ट झाली. बहुतेकांनी ती पाठ केली आणि परीक्षेनंतर सोडून दिली.

परंतु भूमितीच्या इतिहासात याच शतकात एक मोठी उलथापालथ झाली होती. एका रेषेबाहेरील बिंदूतून त्या रेषेस एक आणि एकच समांतर रेषा काढता येते, या अर्थाचे युक्लिडचे गृहीतक सुमारे दोन हजार वर्षे निर्विवाद मानले गेले. ते इतर गृहीतकांवरून सिद्ध करण्याचे प्रयत्न फसले. १८२९ मध्ये रशियातील निकोलाय लोबाचेव्हस्की आणि १८३२ मध्ये हंगेरीतील यानोश बोल्याई यांनी ते गृहीतक बदलूनही सुसंगत भूमिती उभी राहते, असे दाखविले. यातून निघणारी शिकवण अशी, की निष्कर्ष चुकीचा वाटला तर केवळ तर्काच्या पायऱ्या तपासून भागत नाही. आरंभी निमूटपणे काय मान्य केले होते, हेही पाहावे लागते. निबंधाच्या पुढील भागाचे सूत्र हेच आहे.

४. १८९१ : एक महाविद्यालय, दोन गणिताध्यापक

१८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी या दहा-अकरा वर्षांच्या विवाहित मुलीचा पतीच्या शरीरसंबंधामुळे मृत्यू झाला. या घटनेने संमतिवयाच्या वादाला तीव्र रूप आले. मार्च १८९१ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा केले. आज हा वाद धर्म विरुद्ध सुधारणा असा शिकविला जातो. मुळात तो स्त्रीच्या शारीरिक आरोग्याचा प्रश्न होता आणि भारतात या प्रश्नावर इतक्या जाहीरपणे झालेली ही आरंभीची चर्चा होती.

या वादातील दोन बाजू पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाच्या गणित विभागाभोवती पाहता येतात. बाळ गंगाधर टिळक हे गणिताचे पदवीधर. महाविद्यालयीन जीवनाचे पहिले वर्ष त्यांनी व्यायाम करून शरीर कमावण्यात घालविले, हे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. फर्ग्युसनमध्ये ते गणित शिकवीत. १८९० मध्ये त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. पुढील वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून धोंडो केशव कर्वे तेथे गणिताचे अध्यापक म्हणून रुजू झाले.

टिळकांनी संमतिवयाच्या विधेयकास विरोध केला. बालविवाह इष्ट आहेत, असे त्यांचे म्हणणे नव्हते. परकीय सरकारने कायद्याने हस्तक्षेप करू नये आणि सुधारणा समाजाने स्वतःहून करावी, ही त्यांची भूमिका होती. धोंडो केशव कर्वे यांनी मार्च १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला, १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले. त्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई यांचे निधन १८९१ मध्येच बाळंतपणात झाले होते. संमतिवयाचा कायदा, फर्ग्युसनमधील नेमणूक आणि घरातील हा मृत्यू एकाच वर्षातील आहेत.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. गणिताचा अभ्यास माणसाला सुधारक बनवितो, असा निष्कर्ष काढणे टिळकांच्या उदाहरणामुळेच अशक्य होते. टिळकांचा युक्तिवाद त्यांच्या गृहीतकांशी सुसंगत होता. सामाजिक स्वायत्तता प्रथम, हे मान्य केले की बाकीचे त्यातून निघते. मतभेद तर्काच्या पायऱ्यांत नव्हता, तो आरंभबिंदूत होता. दहा वर्षांच्या मुलीचे शरीर हा समाजाच्या अंतर्गत व्यवहाराचा भाग मानावयाचा, की त्या मुलीचे स्वतःचे मानावयाचे? भूमितीने हा प्रश्न सोडविला नसता. तो प्रश्न गृहीतकाच्या जागी आहे, हे दाखविण्यास मात्र भूमितीची शिस्त उपयोगी पडते.

५. रघुनाथ धोंडो कर्वे : गृहीतक बदलणारा गणितज्ञ

आईच्या निधनाच्या वेळी रघुनाथ नऊ वर्षांचे होते. १८८२ मध्ये जन्मलेले रघुनाथ धोंडो कर्वे १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत पहिले आले. फर्ग्युसनमधून पदवी घेऊन ते गणिताचे अध्यापक झाले. पॅरिस येथे जाऊन त्यांनी गणिताचा पुढील अभ्यास केला. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे पहिले केंद्र त्याच वर्षी उघडले, हे लक्षात घेतले म्हणजे कर्वे यांचे कार्य पाश्चात्त्यांच्या मागाहून आलेले अनुकरण नव्हते, हे स्पष्ट होते. १९२३ मध्ये त्यांचे ‘संततिनियमन : विचार व आचार’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले.

कर्वे यांच्या लेखनाची बांधणी पाहिली, तर त्यांच्यातील गणिताध्यापक जागोजाग दिसतो. एखादी नैतिक कल्पना घ्यावयाची, तिची व्याख्या मागावयाची, ती कोणत्या गृहीतकावर उभी आहे हे दाखवावयाचे आणि ते गृहीतक मानण्याचे कारण काय, असे विचारावयाचे. अपत्यसंख्या दैवाधीन आहे, हे त्यांच्या काळातील सर्वमान्य गृहीतक होते. त्याच्या जागी त्यांनी दुसरे ठेवले : स्त्रीच्या शरीराविषयीचा निर्णय स्त्रीचा आहे. एवढा बदल केला, की वारंवार येणाऱ्या गर्भारपणाने क्षीण होणारी स्त्री हा नशिबाचा भाग राहत नाही. तो टाळता येण्याजोगा रोग ठरतो. स्त्रीलाही कामसुखाचा पुरुषाइतकाच अधिकार आहे, हे त्यांचे मतही याच गृहीतकाचा उपसिद्धान्त होय. अनेकांना संततिनियमन पटले, परंतु हा उपसिद्धान्त पटला नाही. कर्वे यांच्या दृष्टीने दोहोंत निवड करण्याची सोय नव्हती. एक मान्य केल्यास दुसरे येणारच.

या स्पष्टपणाची किंमत त्यांना द्यावी लागली. या प्रचारकार्यामुळे १९२५ मध्ये मुंबईच्या विल्सन महाविद्यालयातील प्राध्यापकपद त्यांना सोडावे लागले. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि मृत्यूपर्यंत सुमारे सव्वीस वर्षे प्रचंड आर्थिक ओढगस्तीत चालविले. पत्नी मालतीबाई यांच्या साथीवाचून ते शक्य झाले नसते. अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांच्यावर १९३१ मध्ये खटला होऊन शंभर रुपये दंड झाला. १९३४ च्या दुसऱ्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरीही दोनशे रुपये दंड झाला. लैंगिक प्रश्नांविषयी वाचकांनी विचारलेल्या शंकांना उत्तरे देणे हा गुन्हा ठरतो काय, असा तो वाद होता. नोव्हेंबर १९३८ मध्ये डॉ. आंबेडकरांचे संततिनियमनाविषयीचे भाषण प्र. ज. रोहम यांनी मुंबई विधानसभेत मांडले. ठराव नामंजूर झाला. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा अधिकृत कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा कर्वे हयात होते. पुढील वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांचे निधन झाले आणि नोव्हेंबरच्या अंकानंतर मासिक बंद पडले.

एक फरक नोंदविला पाहिजे. सरकारी कार्यक्रमाने संततिनियमन स्वीकारले ते मुख्यतः लोकसंख्येचा आकडा कमी करण्यासाठी. साधन तेच, परंतु गृहीतक वेगळे. लोकसंख्या हा आरंभबिंदू मानला, की स्त्री ही उद्दिष्टपूर्तीचे एकक बनते. पुढील दशकांत शस्त्रक्रियांच्या लक्ष्यपूर्तीचा जो आग्रह दिसला, त्याचे मूळ येथे सापडते.

६. शकुंतला परांजपे

या परंपरेचा पुढील दुवा म्हणजे शकुंतला परांजपे (१९०६-२०००). त्यांचे वडील र. पु. परांजपे हे केंब्रिजच्या गणित परीक्षेत १८९९ मध्ये सीनियर रँग्लर ठरलेले पहिले भारतीय आणि पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य. शकुंतलाबाईंनीही केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजमध्ये गणिताचेच शिक्षण घेतले. जिनेव्हातील आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेत काही काळ काम करून परतल्यावर त्यांनी पुणे परिसरात संततिनियमनाचे कार्य हाती घेतले आणि ते अनेक वर्षे चालविले. ‘कुंकू’ (१९३७) या चित्रपटातील त्यांची भूमिका अनेकांना स्मरत असेल. त्या विधान परिषदेच्या आणि १९६४ ते १९७० या काळात राज्यसभेच्या नामनियुक्त सदस्य होत्या. १९९१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

त्यांच्या कार्यामुळे या परंपरेत एक आवश्यक बदल झाला. रघुनाथराव स्त्रीच्या वतीने बोलत होते. शकुंतलाबाई स्त्री म्हणून स्त्रियांशी बोलत होत्या. संततिनियमनाची माहिती एका पुरुषाच्या मासिकातून मिळणे आणि समोर बसलेल्या बाईकडून मिळणे, यांतील अंतर ग्रामीण स्त्रीच्या दृष्टीने फार मोठे होते.

७. मैदानावरील नियम

खेळांकडे वळताना प्रथम हे सांगितले पाहिजे, की देशी खेळांना नियमबद्ध करणारी मंडळी भूमितीचे संशोधक नव्हती. येथे दाखवावयाचे आहे ते विचारपद्धतीतील साम्य, उसनवारी नव्हे. हुतुतू गावोगावी खेळला जात असे, पण प्रत्येक गावाचा हुतुतू निराळा. संजीवनी, गामिनी आणि अमर असे त्याचे तीन प्रकार होते. संजीवनीत बाद झालेला गडी प्रतिपक्षाचा गडी बाद होताच जिवंत होई. गामिनीत संपूर्ण संघ बाद होईपर्यंत तो बाहेरच राही. अमर प्रकारात बाद झालेलाही खेळतच राही, फक्त गुण मोजला जाई. एकच गृहीतक बदलले, की खेळाचे सारे डावपेच बदलत. दोन गावांचा सामना लावावयाचा तर आधी कोणता नियम मानावयाचा, हे ठरविणे भाग होते.

पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम तयार केले. प्रारंभीच्या या स्वरूपात मध्यरेषेच्या टोकांना खांब नव्हते. तेथे दोन कमी अनुभवी गडी बसविले जात आणि त्यांना वळसा घालून खेळाडू परतत. पुढे त्यांची जागा खांबांनी घेतली. बडोद्यात १९२३ मध्ये हुतुतूचे नियम प्रसिद्ध झाले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (१९१४), पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ (१९२४) आणि पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळ यांनी या कार्यास संस्थात्मक रूप दिले. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदार यांनी संपादिलेला दहा खंडांचा मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ हा या ज्ञानव्यवहाराचा सर्वांत मोठा ग्रंथ होय. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने अमरावतीच्या चमूने तेथे कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके केली.

आजच्या खो-खोचे मैदान पाहिले, तर थोडक्या नियमांतून किती गुंतागुंतीचा खेळ उभा राहतो, हे दिसते. सत्तावीस मीटर लांब व सोळा मीटर रुंद आयत, दोन टोकांना दोन खांब आणि मध्यपाटीवर आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून बसलेले आठ गडी. पाठलाग करणाऱ्यास मध्यपाटी ओलांडता येत नाही आणि दिशा बदलता येत नाही. धावणाऱ्यास दोन्ही गोष्टींची मुभा. या असमतोलातूनच खो देण्याची कल्पना अर्थपूर्ण होते. युवकांच्या खेळाला लिखित नियम मिळाल्यामुळे अनोळखी गावातील, अनोळखी जातीतील मुलगा समान अटींवर समोर उभा राहू शकला, हे या नियमबद्धतेचे सामाजिक फलित होय.

मात्र समोर उभा राहणारा बहुधा मुलगाच होता. खो-खोची पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये सुरू झाली. स्त्रियांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा त्यानंतर १९६०-६१ मध्ये कोल्हापुरात झाली. कबड्डीत आशियाई क्रीडास्पर्धांत पुरुषांना १९९० मध्ये प्रवेश मिळाला, तर स्त्रियांना २०१० पर्यंत थांबावे लागले. मुलींचे शरीर धावपळीस योग्य नाही, हे गृहीतक स्त्री-आरोग्याच्या आणि क्रीडेच्या क्षेत्रांत एकाच वेळी ठाण मांडून बसले होते. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे दोन्ही संघ विजेते ठरले. त्यांचे नेतृत्व प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे या महाराष्ट्रातील खेळाडूंनी केले.

८. मोजमापाची आवश्यकता : स्वामी कुवलयानंद

शुद्ध भूमितीला मोजपट्टी लागत नाही, पण शरीराच्या अभ्यासाला लागते. या दृष्टीने जगन्नाथ गणेश गुणे ऊर्फ स्वामी कुवलयानंद (१८८३-१९६६) यांचे कार्य वेगळे उठून दिसते. बडोद्यास राजरत्न माणिकराव यांच्या आखाड्यात त्यांनी व्यायामाचे शिक्षण घेतले आणि अंमळनेर येथे अध्यापन केले. योगाचे परिणाम गूढ आहेत, असे म्हणून थांबणे त्यांना मान्य नव्हते. उड्डियान व नौली करताना शरीरात काय घडते, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक यांच्या साहाय्याने तपासले व पोटातील पोकळीत दाब कमी होतो, हे नोंदविले. १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करून त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले. आपल्या प्रयोगांची माहिती इतरांना तपासता यावी, ही त्यामागील दृष्टी होती.

१९३७ मध्ये मुंबई सरकारने शारीरिक शिक्षणाविषयी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. कांदिवली येथील शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करणारी संस्था (१९३८) याच काळातील. प्रयोगशाळेतील मापन, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि शाळेचे मैदान हा क्रम येथे पूर्ण झालेला दिसतो. श्रद्धेचा विषय मोजण्यास घेतल्यास श्रद्धावान नाराज होतात आणि शास्त्रज्ञ संशय घेतात. कुवलयानंदांनी दोन्ही पत्करले.

९. भूमितीकडून इतिहासाकडे : दा. ध. कोसंबी

गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७-१९६६) १९३० च्या दशकाच्या आरंभापासून १९४५ पर्यंत फर्ग्युसनमध्ये गणित शिकवीत होते. त्यांचे मूळ संशोधन भूमितीचे. दोन बिंदूंमधील अंतर आधी ठरवून अवकाशाचा अभ्यास करावयाचा, ही रूढ रीत. कोसंबींनी अंतराऐवजी मार्गांचा समुदाय आरंभी घेतला आणि त्यावरून अवकाशाचे गुणधर्म काढले. १९३३ मध्ये हा निबंध जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यासोबत थोर फ्रेंच भूमितिज्ञ एली कार्तां यांचे टिपण छापले गेले. चिनी गणितज्ञ चर्न यांनी पुढे त्यात भर घातली. हा सिद्धान्त आज तिघांच्या नावाने ओळखला जातो. येथेही कृती तीच : आरंभीचे गृहीतक बदलणे.

याच काळात कोसंबींनी प्राचीन चांदीच्या आहत नाण्यांची वजने करून, चलनात झिजल्याने वजनात पडणाऱ्या फरकांचा सांख्यिकीय अभ्यास केला. आनुवंशिकीतील जनुकांचे अंतर काढण्याचे त्यांनी १९४४ च्या सुमारास दिलेले सूत्र अद्यापही त्यांच्या नावाने वापरले जाते. १९५६ मध्ये त्यांचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील ग्रंथ आला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्यांनी भूमितीची रीत नाण्यांवर लादली नाही. नाण्यांसाठी त्यांनी तराजू हाती घेतला, संस्कृत संहितांसाठी पाठचिकित्सा शिकली आणि इतिहासासाठी पायी क्षेत्रकार्य केले. शाखा ओलांडताना नव्या शाखेची कसोटी स्वीकारणे, हा त्यांच्या कार्याचा धडा होय.

१०. परंपरेची मर्यादा व पुढील टप्पा

वर उल्लेखिलेली माणसे बहुतांशी शहरी, उच्चशिक्षित आणि उच्चवर्णीय होती. त्यांचे वाचकही त्याच वर्तुळातील होते. खेड्यातील कष्टकरी स्त्रीच्या आरोग्याची नेमकी स्थिती काय, हे त्यांना मोजता आले नाही. ती उणीव भरून निघण्यास बराच काळ जावा लागला. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक किंवा लैंगिक आजार होते आणि केवळ ८ टक्के स्त्रियांची त्यापूर्वी कधी अशी तपासणी झाली होती. स्त्री-आरोग्य म्हणजे बाळंतपण व कुटुंबनियोजन, एवढेच गृहीत धरणाऱ्या आरोग्यव्यवस्थेस हा अभ्यास म्हणजे मोठा धक्का होता. गर्भार नसलेली स्त्रीही रुग्ण असू शकते, ही साधी गोष्ट सिद्ध करण्यासाठी आकडे द्यावे लागले.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या अगदी जवळचा असाच एक प्रश्न आज उभा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) भारतातील १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुली रक्तक्षयग्रस्त आहेत. हाच वयोगट आपल्या कनिष्ठ व वरिष्ठ महाविद्यालयांच्या खो-खो व कबड्डी संघांत असतो. सरावात दमणाऱ्या मुलीस ‘दम कमी आहे’ असे म्हणून संघाबाहेर ठेवले जाते, तेव्हा आपण कोणते गृहीतक वापरत असतो? हा प्रश्न शारीरिक शिक्षण विभागाचा आहे, गृहविज्ञानाचा आहे आणि नमुनानिवड व मापन यांमुळे गणित-संख्याशास्त्र विभागाचाही आहे. विद्यार्थिनींची संमती आणि माहितीची गोपनीयता सांभाळून तीन विभाग मिळून असा अभ्यास करू शकतात. त्यासाठी मोठ्या अनुदानाची गरज नाही. गरज आहे ती शेजारच्या विभागाचे दार ठोठावण्याची.

११. निष्कर्ष

(१) अभ्यासलेल्या कालखंडात भूमिती, स्त्री-आरोग्य व युवकांचे खेळ या क्षेत्रांचा खरा दुवा विषयसाम्यात नसून, गृहीतके उघड मांडून तपासण्याच्या सवयीत आहे.

(२) गणिती शिस्त आपोआप सुधारणावादाकडे नेत नाही. १८९१ चा वाद दाखवितो, की तर्क समान असूनही आरंभीच्या मान्यतांनुसार निष्कर्ष भिन्न होतात.

(३) शाखा ओलांडून यशस्वी ठरलेल्या अभ्यासकांनी नव्या शाखेची कसोटी स्वीकारली. कुवलयानंदांचा दाबमापक आणि कोसंबींचा तराजू ही त्याची उदाहरणे होत.

(४) स्त्री-आरोग्य व क्रीडा यांतील अनेक अडथळे एकाच गृहीतकातून आले असल्यामुळे त्यांचा अभ्यास एकत्र होणे आवश्यक आहे.

(५) विषयाबाहेरचा प्रश्न हाती घेणाऱ्या अध्यापकास मिळणारे संरक्षण हा बहुविद्याशाखीय संशोधनाचा पाया होय. रघुनाथ कर्वे यांना ते मिळाले नाही.

१२. समारोप

२०१० नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या गुणांकन पद्धतीमुळे निबंधांची संख्या मोजण्याची सवय आपल्याला लागली. मान्यताप्राप्त नियतकालिकांची ‘केअर’ यादी आली आणि २०२५ मध्ये ती बंदही झाली. यादी असो वा नसो, अध्यापकापुढील खरा प्रश्न तोच राहतो. आपला निबंध कोणत्या मान्यतेस हात घालतो? ‘समाजस्वास्थ्य’ कोणत्याही यादीत नव्हते. त्याच्या संपादकाला त्या लेखनाबद्दल गुण मिळाले नाहीत, दंड मिळाला. तरीही त्याने मांडलेला आरंभबिंदू आज स्त्री-आरोग्याच्या चर्चेत बहुतांशी मान्य झाला आहे. महाविद्यालयाच्या एका अंकात प्रमेय, सर्वेक्षण आणि मैदानावरील चाचणी शेजारी शेजारी छापली जाते, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. त्या तीन निबंधांच्या लेखकांनी परस्परांचे निबंध वाचून एकमेकांस प्रश्न विचारले, तर बहुविद्याशाखीय हे विशेषण सार्थ होईल.